काच विसरते: टर्मिनल, स्क्रोलबॅक आणि हरवलेले दफ्तर

१/
संगणक काहीच विसरत नाही, असे विधान इतिहासप्रेमी तरुणांच्या चर्चेत वरचेवर ऐकू येते. जुन्या दफ्तरांतले रुमाल वाळवीने खाल्ले, ओलीने गेले; पण गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास यंत्रात नोंदलेला असल्यामुळे सुरक्षित आहे, असा त्यामागचा भरवसा. हा भरवसा निराधार आहे. तो किती निराधार आहे हे पाहायचे असेल, तर संगणकाच्या सर्वांत जुन्या आणि अजूनही रोज वापरल्या जाणाऱ्या खिडकीकडे, म्हणजे टर्मिनलकडे पाहावे. हा थ्रेड त्या खिडकीच्या स्मरणशक्तीविषयी आहे.

२/
ज्यांचा या खिडकीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टर्मिनलमध्ये कमांड टंकावी लागते आणि यंत्राचे उत्तर त्याखाली ओळीओळीने उमटते. खिडकी भरली की जुन्या ओळी वर सरकून दिसेनाशा होतात. मागे जाऊन त्या पुन्हा पाहण्यासाठी जो साठा ठेवलेला असतो त्याला स्क्रोलबॅक म्हणतात. त्यातला मजकूर माऊसने निवडून कॉपी करता येतो. असे कॉपी केलेले तुकडे आज सर्रास पुरावा म्हणून पुढे केले जातात: अमुक प्रोग्रॅमने अमुक चूक दाखवली, अमुक सर्व्हरवर अमुक फाइल होती, वगैरे. या तुकड्याला अस्सल कागदाचा मान द्यावा काय? देऊ नये. कारण पुढे येते आहे.

३/
प्रथम काचेच्या आधीचा काळ. 'टर्मिनल' हे मुळात छापणारे यंत्र होते. १९६३ साली टेलिटाइप कॉर्पोरेशनचे मॉडेल ३३ आले आणि पुढची दहा-पंधरा वर्षे संगणकाशी बोलण्याचे ते सर्वांत परिचित साधन राहिले. वेग सेकंदाला १० अक्षरे, एका ओळीत ७२ अक्षरे, इंग्रजीची फक्त मोठी लिपी. आवाज असा की शेजारच्याशी बोलणे अवघड. बेल लॅब्समध्ये युनिक्स घडली ती अशाच यंत्रांवर. त्या प्रणालीत टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात. तो टेलिटाइपचाच संक्षेप आहे.

४/
या खडखडणाऱ्या यंत्राचा एक गुण मात्र त्याच्या वारसांपैकी कुणाकडेच आला नाही. माणसाने जे टंकले आणि यंत्राने जे उत्तर दिले ते एकाच कागदाच्या गुंडाळीवर, घडले त्या क्रमाने, शाईने उमटत असे. चूक झाली तरी ती खोडता येत नसे. चुकीचे अक्षर, त्यावरची दुरुस्ती, फसलेली कमांड, सारे कागदावर. नोंद ठेवायची की नाही हा प्रश्नच वापरणाऱ्यापुढे नव्हता. संवाद आणि संवादाचे दफ्तर ही एकच वस्तू होती.

५/
अर्थात गुंडाळी होती म्हणून ती जपली गेली असे नाही. बहुतेक कागद रद्दीत गेला. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या यंत्राशी अर्पानेटवर पहिला संपर्क झाला. 'लॉगिन' टंकताना 'एल' आणि 'ओ' ही दोनच अक्षरे गेली आणि पलीकडचे यंत्र कोसळले, ही कथा प्रत्येक पुस्तकात आहे. त्या रात्रीचा समकालीन पुरावा कोणता? हाताने लिहिलेल्या नोंदवहीतली रात्री साडेदहाची एक ओळ. दोन यंत्रांचे बोलणे झाले एवढेच तिच्यात आहे. 'लो' हा शब्द त्या ओळीत नाही. तो उपस्थितांच्या आठवणीतून आला. इंटरनेटच्या जन्मकथेचा सर्वांत लाडका तपशील हा बखरीच्या दर्जाचा आहे, हे 'संगणक काहीच विसरत नाही' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. (आठवण खोटी आहे असे येथे सुचवायचे नाही. तिचा वर्ग कोणता एवढेच सांगायचे आहे.)

६/
याच्या उलट उदाहरण तीन वर्षांनंतरचे. १८ सप्टेंबर १९७२ रोजी 'पॅरी' आणि 'डॉक्टर' या दोन संवादी प्रोग्रॅमांची अर्पानेटवरून गाठ घालून देण्यात आली. एक संशयग्रस्त रुग्णाची नक्कल करणारा, दुसरा मनोविकारतज्ज्ञाची. त्यांचे संभाषण आज शब्दशः वाचता येते, कारण व्हिंट सर्फ यांनी ते जानेवारी १९७३ मध्ये आरएफसी ४३९ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. म्हणजे टर्मिनलवरचा मजकूर कुणीतरी जाणीवपूर्वक उचलला, त्याला तारीख घातली, क्रमांक दिला आणि सार्वजनिक दफ्तरात ठेवला. टिकण्याचे श्रेय यंत्राचे मुळीच नाही.

७/
मग काच आली. १९७० च्या दशकात पडद्याची टर्मिनले स्वस्त होत गेली. प्रारंभीच्या साध्या पडद्यांना उपहासाने 'काचेची टेलिटाइप' म्हणत आणि तो उपहास अचूक होता: काम तेच, फक्त कागद काढून टाकलेला. ऑगस्ट १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे व्हीटी१०० आले. ८० स्तंभ, २४ ओळी. आजची जवळजवळ प्रत्येक टर्मिनल खिडकी याच यंत्राची नक्कल करते. 'टर्मिनल एम्युलेटर' या नावातली नक्कल ती हीच.

८/
व्हीटी१०० मध्ये पंचविसावी ओळ आली की पहिली ओळ नाहीशी होई. कुठेही साठवली जात नसे. मागे जाण्याची सोयच नव्हती. तंत्रज्ञानाची लोकप्रिय इतिहासपुस्तके या बदलाचे वर्णन करताना शांतता, वेग आणि कागदाची बचत यांचे गुणगान करतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. तोवर जे दफ्तर आपोआप तयार होत होते ते त्या दिवसापासून तयार होईनासे झाले, याची दखल एका वाक्यानेही घेतली जात नाही. मुद्रणामुळे हस्तलिखितांचे काय झाले यावर ग्रंथ लिहिणारी विद्याशाखा या बदलावर गप्प आहे.

९/
स्मृती महाग होती, त्यामुळे दुसरा पर्यायच नव्हता, असा बचाव होईल. तो पूर्णपणे खरा नाही. ह्यूलेट-पॅकर्डच्या २६४० या टर्मिनलात १९७० च्या दशकाच्या मध्यालाच पडद्याबाहेरची काही पाने राखून मागेपुढे सरकवण्याची सोय होती. ती महाग होती, हे मान्य. पण व्हीटी१०० चे अनुकरण सर्वत्र झाले आणि त्याबरोबर त्याच्या विस्मरणाचेही. पुढे स्मृती मातीमोल झाली तरी रचना बदलली नाही.

१०/
हानी झाली आहे हे त्याच काळात काहींना कळले होते, हे मात्र नमूद केले पाहिजे. १९७९ च्या ३बीएसडी या युनिक्स आवृत्तीत 'स्क्रिप्ट' नावाची कमांड आली. ती चालू केली की त्यानंतर पडद्यावर जे जे उमटेल ते एका फाइलीत जमा होते. त्या फाइलीचे ठरलेले नाव 'टाइपस्क्रिप्ट', म्हणजे टंकलिखित! तिच्या माहितीपत्रकात उपयोग सांगितला आहे तोही बोलका: विद्यार्थ्याला गृहपाठ केल्याचा पुरावा म्हणून छापील नोंद हवी असेल तर. काचेने हिरावलेली गुंडाळी परत मिळवण्याचा हा प्रयत्न होता. फरक एवढाच की पूर्वी नोंद आपोआप होत असे आणि आता ती मागावी लागे. जी नोंद मागावी लागते ती बहुधा मागितली जात नाही, कारण महत्त्वाचे काही घडणार आहे हे आधी कुणालाच ठाऊक नसते.

११/
स्क्रोलबॅक ही दुसरी भरपाई. १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील एक्स विंडो प्रणालीबरोबर 'एक्सटर्म' ही खिडकी आली. तिच्यात वर सरकलेल्या ओळी साठवण्याची सोय होती. किती ओळी? मूळ ठरावीक संख्या ६४. तीन पडदेही भरत नाहीत. हल्ली तीच संख्या १०२४ आहे. १९८७ च्या 'स्क्रीन' या प्रोग्रॅममध्ये १००, २००७ च्या 'टीमक्स'मध्ये २०००. मोठा प्रोग्रॅम बांधायला घेतला की दोन हजार ओळी पाहता पाहता संपतात आणि पहिली चूक, जिच्यामुळे पुढचे सारे बिघडले, ती साठ्याबाहेर पडलेली असते. संख्या वाढवता येते, हे खरे. ती वाढवायला हवी होती हे बहुतेकांना नेमके तेव्हाच कळते.

१२/
शिवाय साठ्यात काय जाते हेही पाहावे. व्हीआयसारखा संपादक किंवा लेससारखा वाचक उघडला की तो पडद्याची एक पर्यायी पाटी घेतो. त्या पाटीवर घडलेले काहीच सहसा स्क्रोलबॅकमध्ये उतरत नाही. प्रोग्रॅम बंद केला की आधीचा पडदा जसाच्या तसा परत येतो, जणू मधला अर्धा तास घडलाच नाही. 'क्लिअर' ही कमांड पूर्वी दिसणारा पडदा पुसत असे. आता अनेक प्रणालींत ती मागचा साठाही पुसते. मागे चाळून 'येथे काही झाले नव्हते' असा निष्कर्ष काढणाऱ्याने हे माहीत करून घ्यावे. मौनावरून अनुमान काढण्याचा धोका इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. तो येथेही तितकाच खरा आहे.

१३/
आता कॉपी करण्याविषयी. वादाचा खरा मुद्दा येथे आहे. टर्मिनलमधून मजकूर उचलणारा असे मानतो की यंत्राने जे लिहिले तेच त्याच्या हाती आले. वस्तुतः त्याला मिळते ते पडद्यावरच्या चौकटींचे चित्र, अक्षरांच्या रूपात. प्रोग्रॅमने टॅब पाठवला असेल तर बहुतेक खिडक्यांतून कॉपी होताना रिकाम्या जागा येतात. लांब ओळ खिडकीच्या कडेला मोडली असेल तर ती मोड मूळची की खिडकीची, हे प्रत्येक खिडकी आपापल्या परीने ठरवते. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत तर निवड चौकोनी होत असे: मजकूर ओळींनुसार न येता आयताच्या आकारात कापला जाई आणि प्रत्येक कडेला ओळ तुटे. हा दोष २०१५ च्या विंडोज १० पर्यंत टिकला. त्याआधीच्या वीस-बावीस वर्षांत विंडोजवरून कॉपी झालेल्या टर्मिनल-मजकुराच्या ओळी कुठे तुटल्या आहेत यावर विश्वास ठेवणारा संशोधक स्वतःलाच फसवील.

१४/
त्याच खिडकीचा आणखी एक चमत्कार: मजकूर निवडायला माऊस दाबला की पडद्यावर लिहू पाहणारा प्रोग्रॅम तिथेच थांबे. नोंद घेण्याच्या कृतीनेच नोंदीचा विषय बदलावा, याचे इतके निर्भेळ उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

१५/
कंट्रोल-सी ची गोष्टही इतिहासाचीच. आस्की संचात या कळीचा क्रमांक ३ आणि अर्थ 'मजकुराचा शेवट'. टर्मिनलच्या जगात ती चालू प्रोग्रॅम थांबवण्याची कळ झाली. कट-कॉपी-पेस्टची कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्स पार्क येथे लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांच्या कामातून रूढ झाली. अ‍ॅपलने तिच्यासाठी स्वतंत्र कमांड कळ राखली, म्हणून मॅकवर भांडण नाही. विंडोजने मात्र कंट्रोल-सी लाच कॉपीची कळ केले. परिणाम असा की टर्मिनलमध्ये नवशिका मजकूर जपायला जातो आणि प्रोग्रॅम मारून बसतो. लिनक्सच्या खिडक्यांनी शिफ्टची जोड देऊन पळवाट काढली. नवशिक्याच्या मूर्खपणाचे विनोद यावर पुष्कळ झाले. दोन भिन्न वारसे एका कळीवर येऊन आदळले, त्यात नवशिक्याचा दोष तो काय?

१६/
मराठी वाचकाला हा प्रश्न आणखी जवळून भिडतो. चौकटींची ही जाळी 'एक अक्षर, एक घर' या इंग्रजी टंकलेखनाच्या हिशेबावर उभी आहे. देवनागरीत वेलांटी अक्षराआधी दिसते पण नंतर साठवली जाते आणि जोडाक्षर तीन-चार संकेतांचे मिळून एक रूप होते. त्यामुळे अनेक टर्मिनलांत 'क्षत्रिय' हा शब्द पडद्यावर मोडकातोडका दिसतो आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की नीट उमटतो. क्वचित उलटेही घडते. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्डाद्वारे भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरले, पुढे युनिकोड आला. तरी ही जाळी तशीच राहिली. डोळ्यांना दिसलेले आणि हाती आलेले वेगळे असू शकते, हे ज्याने टर्मिनलमध्ये मराठी वाचले आहे त्याला सिद्ध करून दाखवावे लागत नाही.

१७/
'मग स्क्रीनशॉट घ्यावा' असे उत्तर लगेच येते. ते अधिक वाईट. स्क्रीनशॉट म्हणजे चित्राचे चित्र. त्यात शोध घेता येत नाही, कडेला कापलेली ओळ कायमची कापलेली राहते आणि सत्राची सुरुवात व शेवट दोन्ही गायब असतात. एखाद्या पत्राच्या मधल्या चार ओळींचे छायाचित्र दाखवून मायना, तारीख आणि मोर्तब लपवणाऱ्याला इतिहासाच्या सभेत कुणी उभे करील काय? समाजमाध्यमांवर त्याला हजारो पसंत्या मिळतात.

१८/
आता विरुद्ध बाजूचा सर्वांत सबळ आक्षेप. विसरणे ही चूक नसून संरक्षण आहे, असे म्हणणारे आहेत आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. २०१२ मध्ये उघड झाले की ग्नोम टर्मिनल व इतर अनेक खिडक्या ज्या व्हीटीई या संचावर उभ्या आहेत, तो संच स्क्रोलबॅक गुपचूप डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलींत उघड स्वरूपात लिहीत होता. पडद्यावर क्षणभर दिसलेला परवलीचा शब्दही डिस्कवर उरू शकत होता. पुढे तो साठा सांकेतिक करून लिहिला जाऊ लागला. सप्टेंबर २०२० मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी लिनक्सच्या मूळ कन्सोलमधील स्क्रोलबॅकचा कोड काढूनच टाकला: त्यात सुरक्षेच्या चुका निघत होत्या आणि त्याची देखभाल करणारा कुणी उरला नव्हता.

१९/
आक्षेप खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. या दोन घटनांतून 'स्मृती नको' असे सिद्ध होत नाही. वापरणाऱ्याला न सांगता ठेवलेली नोंद आणि कुणीच न सांभाळलेली नोंद या दोन्ही धोकादायक असतात, एवढेच सिद्ध होते. टेलिटाइपची गुंडाळी टेबलावर सर्वांच्या डोळ्यांसमोर पडलेली असे. ती कुलपात ठेवायची की जाळायची हे माणूस ठरवी. स्क्रोलबॅकने तो निर्णय काढून घेतला आणि त्याच्या जागी एक अर्धवट आठवण ठेवली. तिच्यावर ना पूर्ण विश्वास टाकता येतो, ना ती पूर्ण पुसली गेल्याची खात्री देता येते. (टोर्वाल्ड्स यांचा निर्णय बरोबरच होता. जो कोड कुणी वाचत नाही तो गाभ्यात ठेवू नये. पण एवढ्या मूलभूत सोयीला देखभाल करणारा एकही माणूस मिळू नये, यावर कुणाला लाज वाटल्याचे दिसत नाही.)

२०/
वेगळी वाट अशक्य होती असेही नाही. बेल लॅब्समध्येच, युनिक्स घडवणाऱ्यांपैकी काहींनी पुढे प्लॅन ९ ही प्रणाली रचली. रॉब पाइक यांनी तिच्यासाठी केलेल्या खिडकीत व्हीटी१०० ची नक्कल नव्हती. खिडकी म्हणजे एक सलग मजकूर. आरंभापासूनची प्रत्येक ओळ त्यात असते आणि साध्या लेखाप्रमाणे तो कुठेही निवडता, दुरुस्त करता, जपून ठेवता येतो. ईमॅक्सच्या आतला शेलही असाच वागतो. प्लॅन ९ बाजारात चालली नाही. नक्कल जिंकली, आणि जिंकली म्हणून तीच स्वाभाविक वाटू लागली.

२१/
कागदाच्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार मात्र काचेच्या ऐन भरातला आहे. ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणक-वापराच्या हिशेबातली ७५ सेंटची तफावत शोधण्याचे काम आले. तपासात बाहेरून शिरलेला एक घुसखोर सापडला. तो प्रणालीतील नोंदी तपासत असे आणि सोयीनुसार बदलू शकत असे. म्हणजे यंत्राच्या आतली कोणतीही फाइल पुरावा म्हणून निरुपयोगी. स्टॉल यांनी काय केले? प्रयोगशाळेतल्या टेबलांवरून छापणारी यंत्रे आणि टर्मिनले उसनी आणली आणि एका सप्ताहान्तासाठी बाहेरून येणाऱ्या ५० वाहिन्यांना जोडली. घुसखोराने टंकलेले प्रत्येक अक्षर आणि त्याला मिळालेले प्रत्येक उत्तर कागदावर उमटले. त्या कागदापर्यंत त्याचा हात पोहोचणे शक्य नव्हते.

२२/
सोबत स्टॉल यांनी हाताने रोजची नोंदवही ठेवली. माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत गेला. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार १९९० मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली दोषी ठरले. व्हीटी१०० येऊन आठ वर्षे झाली होती, एक्सटर्म आली होती, 'स्क्रिप्ट' कमांड होती. खटला उभा राहिला तो गुंडाळीच्या आणि वहीच्या बळावर.

२३/
तेव्हा टर्मिनलमधला मजकूर पुरावा म्हणून मांडणाऱ्या प्रत्येकाकडून काही किमान गोष्टी मागाव्यात. सत्र 'स्क्रिप्ट'ने आरंभापासून नोंदलेले आहे काय? नसल्यास उत्तर निदान थेट फाइलीत वळवले होते काय? कोणते यंत्र, कोणती तारीख, खिडकी किती स्तंभांची? 'स्क्रिप्ट'ची फाइल दिसायला ओबडधोबड असते. तिच्यात मागे घेतलेली अक्षरे, रंगांचे संकेत, कर्सरच्या उड्या, सारे भरलेले असते आणि भोळ्या वापरकर्त्याला ते रुचणार नाही असा इशारा तिच्या माहितीपत्रकातच आहे. ती साफसूफ करण्याचा मोह टाळावा. अस्सल कागदावरची खाडाखोड पुसून मग तो छापणाऱ्या संपादकांवर राजवाड्यांच्या काळापासून टीका करणाऱ्या मराठी वाचकाने येथे वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

२४/
पुढचा थ्रेड छिद्रित कागदी पट्टीवर. मॉडेल ३३ च्या डाव्या बाजूला ती पट्टी पाडणारा आणि वाचणारा भाग असे आणि त्या काळातले कितीतरी प्रोग्रॅम आज चालवता येतात ते कुणीतरी जपून ठेवलेल्या त्या पट्ट्यांमुळे.